चार बैठका आणि एक ‘नाई’

लहानूभाऊ,

काल कॉम्प्युटर आला. दुपारच्या गडचिरोलीच्या गाडीत पडद्याचा खोका तुमच्या भागाबाईंच्या मांडीवर, डबा माझ्या मांडीवर आणि यूपीएस पायाशी. दुकानदार त्याला सीपीयू म्हणतो, तुम्ही डबा म्हणायचात, आता मीही डबाच म्हणते. कंडक्टरने सामानावरून कटकट केली. तुम्ही असता तर त्याला बोलण्यात गुंतवलं असतं आणि उतरेपर्यंत त्याच्या गावच्या बोडीत पाणी किती, मरळ किती आणि झिंगे किती हेसुद्धा काढून घेतलं असतं. मला ते जमत नाही. मी भांडले.

गावासाठी काही विकत आणायचं तर दोघांनी जायचं, ही आपल्या ग्रामसभेची पद्धत. माझ्यासोबत तुमचं नाव होतं. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले, म्हणून तुमच्या जागी भागाबाई आल्या. दुकानात त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. दुकानदाराने विचारलं, “आजी, पाणी घेता का?” तर म्हणाल्या, “पानी राहू दे, बापा. आमचा बुढा इथी कोन्या खुर्चीवर बसला होता, ते सांग.” त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी दाखवली, आणि बिल होईपर्यंत भागाबाई त्याच खुर्चीवर बसून राहिल्या.

हे सगळं तुम्हाला सांगायला दुसरी काही सोय नाही म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी लिहिते आहे, हेही खरं तर हसण्यासारखंच आहे. पण आपलं तसंच होतं. मी तिसरीत असल्यापासून बोडीच्या पाळीवर बसून तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे आणि तुम्ही पळसाच्या पानात मला झिंगे बांधून द्यायचात. बाबा गेल्यावर घरात कितीतरी दिवस भाजी म्हणजे ते झिंगेच. आई म्हणायची, पोरीने वाचून कमावलं. तुम्ही एकेक बातमी दोनदा वाचायला लावायचात. दुसऱ्यांदा माझ्याकडून एखादा शब्द गळला तर म्हणायचात, “मंदे, मंघाशी इथी अजून एक होता.” ऐकून ध्यानात ठेवणारा माणूस वाचणाऱ्यालाही धाकात ठेवतो, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

आणि तरी मी ते बोलले.

आधीपासून सांगते, कारण पुढे कधी कोणी विचारलं तर गोष्ट सरळ सांगता यावी. बांबू विकून ग्रामसभेकडे थोडी शिल्लक पडली. वनहक्काचे कागद, जंगल विभागाला जाणारी पत्रं, वाहतुकीचे पास, आपल्या जंगलाचा नकाशा, सगळं माझ्याच गळ्यात, आणि त्यासाठी मी तालुक्याच्या नेट कॅफेत खेटे घालत होते. म्हणून मी विषय मांडला, लॅपटॉप घेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही म्हणालात, “माया नाई हाय.”

आपल्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. एकाचा जरी नकार असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरून येणाऱ्या साहेबांना याचं मोठं कौतुक वाटतं. मलाही वाटायचं, माझा विषय अडेपर्यंत.

पहिल्या बैठकीत तुम्ही विचारलंत, हे यंत्र राहणार कुठे. मी म्हटलं, माझ्याकडे, काम मीच करते ना. तुम्ही मान खाली घातलीत आणि भलताच प्रश्न काढलात. “पडदा केवढा असते?” मी वही उघडून दाखवली, एवढा. तुम्ही म्हणालात, “म्हाताऱ्याइच्या डोळ्याले का दिसन यात?” दुसऱ्या बैठकीत तुमचा प्रश्न लाईनीचा. मी तयारच होते. लॅपटॉपला बॅटरी असते, लाईन गेली तरी चालतो. “आन बॅटरी गेली मंग?” नवी टाकायची. “कुठी भेटते?” नागपूरला. तुम्ही फक्त ‘नागपूर’ एवढा शब्द पुन्हा म्हणालात. लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तुम्हीच म्हणालात, चल, दुकानात जाऊन पाहू. तो दिवस मला अजून हवा आहे, भाऊ. सकाळच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि मला शाळेतल्या पोरीसारखं विचारत सुटलात. “सिरोंच्याले जाळं घ्याले जातो, तो तेलगू दुकानदार पह्यले का इचारते? मासा कोनता, पानी किती. आता तू सांग. आपला मासा कोनता?”

मी सांगत गेले आणि तुम्ही बोटं मिटत गेलात. पत्रं टाइप करायची. जुने कागद, वाळवी लागायच्या आत, फोटो काढून साठवायचे. छापायचे. नकाशा उघडायचा, तो जड असतो, साध्या मशीनवर अडकत अडकत चालतो. “गाने, शिनेमा?” नाही. “पोरं खेळ खेळतेत ते?” नाही. “मंग त्या कामाचे पैसे आपन काऊन द्याचे?” झालं. मोठ्या खर्चाचं ग्राफिक कार्ड तुम्ही ते काय असतं हे न कळताच गाडीतच कापलं.

दुकानात आपल्याला पाहून मालकाने आधी तो आतून लाल-निळे दिवे लागणारा डबा पुढे केला. तुम्ही कौतुकाने खाली वाकून बघितलंत. “याचे दिवे बंद केले तरी चालते का हा?” चालतो म्हणाला. “मंग दिवे काढून किती?” मालक हसायला लागला आणि त्यानंतर खरं बोलायला लागला. म्हणाला, “बाबा, तुमच्या कामाले मोठी रॅम आन चांगली एसएसडी एवढं पाहा. पडदा मोठा घ्या. यूपीएस घेतल्याशिवाय गावात नेऊच नका.” कीबोर्ड बिघडला तर काय, हे तुम्ही विचारलंत. डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलायचा, इथेच मिळतो. लॅपटॉपचा बिघडला तर सगळंच घेऊन या, आम्ही पुढे पाठवतो. तुम्ही माझ्याकडे वळलात. “पाह्य. जे जाळं फाटलं तर गावात शिवता येत नाई, ते घेऊ नये.” आणि मी सगळी रक्कम मशीनवरच लावायला निघाले तेव्हा म्हणालात, “सगळे जाळ्यातच घातले तर दोरी काहाची आनशीन?” मी तोंड वाकडं केलं. पण वहीत लिहून घेतलं.

मग मी पेन ड्राइव्ह दिला आणि मालकाने मोठ्या पडद्यावर आपला नकाशा उघडला.

आधी मला वाटलं तुम्हाला झीट आली. तुम्ही खुर्चीचे हात धरले होते. वरून दिसणारं आपलं गाव तुम्ही पहिल्यांदा बघत होतात. मी बोट दाखवून समजवायला गेले तर तुम्ही माझा हात बाजूला केलात. “थांब. ही बोडी. ही तिची पाळ. हा नाला, हा मोहाचा टप्पा.” नावं एकाही ठिकाणी लिहिलेली नव्हती, आणि असती तरी तुम्हाला काय. तुम्ही भराभर सगळं जंगल वाचत गेलात. मग खालच्या कोपऱ्यात तुमचं बोट थांबलं. “मंदे, आपला डोह कुठी हाय?”

डोह रेषेच्या बाहेर होता. नाला जिथे मोठं वळण घेतो तिथे मी, जीपीएस घेऊन हद्द चालताना, काट्यांना कंटाळून अलीकडूनच सरळ गेले होते. दोन टोकं जोडली आणि वळण सुटलं. भर उन्हाळ्यात जिथे गावाला मासा मिळतो ती जागा मी माझ्या आळसाने गावाबाहेर टाकली होती. तुम्हाला म्हटलं, “ते तसंच दिसते, भाऊ, तुमाले नाई समजत.” तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, “असन.” बसस्टँडवर आलुबोंडा खाताना तुम्ही डोहाचा विषय काढला नाहीत. सिरोंच्याला दिलेल्या बहिणीच्या गोष्टी सांगितल्यात. मी नको तिथेही हसत होते.

तिसऱ्या बैठकीत मी कोणाला बोलूच दिलं नाही, भाव किती आणि काय एवढंच वाचून उठले. चौथीत तुम्ही पुन्हा उभे राहिलात. “पडदा मोठाच पाह्यजे. चार लोकाइनं उभं राहून पाह्यलं तर चूक दिसते.”

आज खरं सांगते. मला वाटलं, आता तुम्ही डोहाचं सांगणार. सगळ्या गावासमोर. त्या भीतीने मी आधीच वार केला. म्हणाले, “लहानूभाऊ, तुमाले सोताचं नाव वाचता येत नाई. मशीनीचं तुमी आमाले का सांगता?”

तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा सारखा केलात. “हौ. बराबर हाय तुयं,” म्हणालात आणि बसलात. मी पुन्हा विचारलं, कोणाचा नकार आहे का? तुम्ही गप्प होतात. मी रजिस्टरात लिहिलं, लॅपटॉप घेण्याचे सर्वानुमते ठरले. तुमचा अंगठा घेताना शाईची डबी मीच धरली होती. इतकी वर्षं मी ठराव लिहिते आहे, पण गप्प राहिलेल्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा ‘सर्व’मध्ये धरलं. आपल्याकडे याहून मोठी चूक नाही, आणि ती लिहिणाऱ्या बाईनेच केली.

त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. अकरा दिवस, भाऊ. तुमचं घर माझ्या घरापासून हाकेवर. एकदा तुम्ही खांद्यावर जाळं टाकून बोडीकडे जात होतात आणि मी दारात होते. मी आत गेले, चुलीवर काही नसताना चूल फुंकत बसले. संध्याकाळी भागाबाई पानात बांधून झिंगे देऊन गेल्या. मी ते रांधले, खाल्लेसुद्धा. तेव्हा आले असते तर चार पावलं होती. मग तुमचा ताप, मग दवाखान्याची गाडी, आणि मी उद्या जाऊ म्हणत राहिले.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाया तुमचं घर सारवत होत्या. मी एका कोपऱ्यात. भागाबाईंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, “तुयावर त्याचा इस्वास नोता, असं वाटलं का तुले?” मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, “मोठ्या जाळ्याची गोष्ट तुले ठाऊक नाई. तू जलमली नोती तवा.”

मग त्यांनी सांगितली. गावाने मिळून सिरोंच्याहून मोठं जाळं आणलं होतं. ठेवायचं कुठे? तुमचं घर बोडीजवळ, तुम्ही तरणे, म्हणून तुमच्याकडे. पहिल्या वर्षी ते गावचं जाळं होतं. दुसऱ्या वर्षी लोक म्हणायला लागले, लहानूकडचं जाळं. तिसऱ्या वर्षी लहानूचं जाळं. लोक दारात येऊन उभे राहायचे, जाळं देता का म्हणून. आणि तुम्ही, तुमच्याही नकळत, ‘उद्या ये’ म्हणायला लागलात. एकदा डोमाजी आले, तुमचे लंगोटीयार. त्यांच्या घरी सोयरे येणार होते. तुम्ही म्हणालात, जाळं ओलं आहे, उद्या ने. ते गेले, आणि मग तुमच्या अंगणात पुन्हा आले नाहीत. हळूहळू कोणीच मागेना. जाळं तुमच्या सपरीत टांगल्या टांगल्या कुजलं.

भागाबाई म्हणाल्या, “तवापासून गावची एक सुई घरात ठेवू नाई दिली त्यानं. मले म्हने, जे एकाच्या घरी राह्यते ते एकाचं होते. त्यात मानसाचा दोष नसते, वस्तूच तशी करते. मंदीच्या घरी ते मशीन गेलं तर दोन सालात पोरगी एकटी पडीन.”

मी विचारलं, मग बैठकीत सांगितलं का नाही? चार बैठका पडदा आणि बॅटरी काय करत बसले?

“कसं सांगन वो? लोक म्हनले असते, लहानूले मंदीचा भरोसा नाई. बाईमानसाले बोल लागाले येळ लागते का? म्हनून तो आपला पडद्याचं इचारे. बाजेवर पडल्या पडल्याबी मले म्हने, पैसे काढाच्या बैठकीले अजून एखादा प्रश्न सुचव.”

भाऊ, मला तुमच्यावर रागही येतो. मला एकटीला सांगायचं होतं ना. पाळीवर बोलावून घ्यायचं होतं. पण मी ऐकलं असतं का? मला लॅपटॉप माझ्या घरी हवा होता, हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावातली एकटी मी. लोकांनी माझ्या दारात यावं, मंदाबाई आहेत का म्हणून विचारावं, हे मला आवडणार होतं. तुम्हाला ते माझ्या आधी कळलं होतं, आणि तुम्ही ते कोणाला दिसू दिलं नाहीत.

तुमची तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी बैठक. लॅपटॉपचे पैसे काढायचा विषय होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, “माया नाई हाय.” लोक चिडले, त्यांचं बरोबरच होतं. चार बैठका मीच डोकं खाल्लं होतं. जाळ्याची गोष्ट मी सांगितली नाही, ती तुमची. माझी चूक मात्र सांगितली. डोह मी बाहेर टाकला, लहानूभाऊंनी तो पाहिला, आणि मोठ्या पडद्यावरच दिसला. मी त्यांना जे बोलले ते या भीतीने बोलले. आणि मशीन माझ्या घरी नको. मग एकेक करून ठरलं. डेस्कटॉप, समाजमंदिराच्या खोलीत, टेबलाला पक्का. किल्ली दर महिन्याला वेगळ्या घरी. तुमच्या दोरीचे, म्हणजे यूपीएसचे आणि दुरुस्तीचे, पैसे आधी बाजूला काढले.

तर काल तो आला. वायरी लावेपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी नकाशा उघडला. बाया पुढे, म्हातारे खुर्च्यांवर. डोमाजी काठी टेकत आले आणि थेट पडद्याला नाक लावून उभे राहिले. ते म्हणाले, “वळणावर थांब. इथून चाललो होतो ना आमी, मी आन लहानू, नाल्याच्या कडंकडंनं.” मग त्यांनी बोटाने वळण काढलं आणि मी माउसने त्यांच्या बोटामागून गेले. डोह रेषेच्या आत आला. आता कागद पुढे पाठवण्याआधी ती कड पुन्हा चालायची आहे, या वेळी काट्यांतून. डोमाजी पडद्यावरून हात काढेनात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं, पण तिथे ते बोलायची मला परवानगी नव्हती.

तुमच्याशिवाय ही खोली कशी वाटली, ते सांगता येत नाही. कोणीतरी मागून ‘मंदे, इथी अजून एक होता’ म्हणेल असं सारखं वाटत होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला की मी वळत होते. इतक्या माणसांत एकच माणूस नव्हता आणि मला तेवढंच दिसत होतं.

आणि आता शेवटचं. सगळं झाल्यावर डोमाजीच म्हणाले, “या डब्यावर लहानूचं नाव लिवा. लहानूचा कॉम्प्युटर म्हना याले.” खोलीतले सगळे एकदम हौ म्हणाले. कोणी रंगाची डबी आणायला निघालंसुद्धा. मी म्हटलं, “माया नाई हाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोमाजींच्या डोळ्यांत काय आलं ते मला बघवलं नाही. ‘मेल्यावरबी राग गेला नाई हिचा,’ असं दाराशी कोणीतरी पुटपुटलं, आणि ते मला ऐकू जावं म्हणूनच पुटपुटलं. मी कारण सांगितलं असतं तर जाळ्याची गोष्ट डोमाजींसमोर निघाली असती. भागाबाईंनी पदर तोंडाशी नेला. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, “एकीचा नाई हाय. पुढच्या बैठकीत पाहू.”

पुढच्या बैठकीत विषय पुन्हा येईल. त्याच्या पुढच्याही. मी आतापासून प्रश्न जमवते आहे, रंग पत्र्यावर टिकतो का, अक्षर केवढं काढायचं, डबा बदलला तर नावाचं काय. रजिस्टरात कालचा माझा नकार लिहिला. कारणाची ओळ तुमच्या नकारापुढे असायची तशीच कोरी सोडली.